घरचा बर्गर आणि एक उलट नोंद

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बँकेतून निवृत्त झाल्यापासून आपल्या सोसायटीत माझं भाषण ठेवलं की विषय ठरलेला असतो. मुदत ठेवी, नॉमिनेशन, मृत्युपत्र, आणि फोनवर ओटीपी कुणाला सांगू नका. यंदाही सचिवांचा फोन आला, "काका, मेळाव्यात पंधरा-वीस मिनिटं बोला." मी म्हटलं, "बोलतो, पण या वेळी बर्गरवर बोलतो." पलीकडे जरा शांतता झाली. मग त्यांनी हळूच विचारलं, "बजेटवर म्हणालात का?" मी म्हटलं, "नाही हो, बर्गरवर. घरी केलेला बर्गर आणि सोबत बटाट्याचे चिप्स."

तेव्हा आज माझ्याकडून व्याजदर ऐकायला आलेल्यांची मी आधीच माफी मागतो. मी काही बल्लवाचार्य नाही. वयाच्या बहात्तराव्या वर्षापर्यंत मला चहा आणि मॅगी सोडून काही येत नव्हतं. पण गेल्या दोन वर्षांत आमच्या घरी दर दुसऱ्या शनिवारी रात्री बर्गरचा बेत असतो आणि तो मी आणि माझा नातू मिळून करतो. हे कसं सुरू झालं ते आधी सांगतो. त्यात माझी चूक आहे. ती सांगितल्याशिवाय पुढच्या कृतीला अर्थ नाही. आणि हो, हे इथे सांगायला मी नातवाची परवानगी घेतलेली आहे. तो तिथे मागे मित्रांबरोबर बसलाय, कृपया कुणी वळून बघू नका.

नातू तेव्हा सहावीत होता. शाळेतल्या तपासणीत डॉक्टरांनी लिहून दिलं की वजन वयाच्या मानाने जास्त आहे. सूनबाई काळजीत पडली. चिरंजीव म्हणाले, "बाहेरचं खाणं बंद." ठराव मंजूर झाला, पण अंमलबजावणी कोण करणार? चिरंजीव आणि सूनबाई दोघंही नोकरीवाले, रात्री आठ वाजता घरी येणार. घरात रिकामा माणूस मी. आणि तपासणी हे तर माझं आयुष्यभराचं काम. शाखांचं इन्स्पेक्शन करत मी निम्मा महाराष्ट्र फिरलोय. मी लगेच चार्ज घेतला.

एके संध्याकाळी मी त्याचं दप्तर उघडलं. बाजूच्या खिशात बर्गरचा चुरगळलेला कागद आणि सॉसच्या दोन पुड्या सापडल्या. घरात माझे मेहुणे आणि वहिनी आलेल्या होत्या. त्यांच्यासमोर मी तो कागद टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हे काय आहे? चोरून खातोस? चोर आहेस का तू?"

तो काही बोलला नाही. कागद उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि आत गेला. पुढचे आठ दिवस तो माझ्याशी हो आणि नाही एवढंच बोलत होता. मला वाटलं, चला, जरब बसली.

नवव्या दिवशी रात्री दिवा मालवल्यावर आमची सौ. म्हणाली, "तुम्ही सकाळी फिरायला जाता तेव्हा स्टेशनरोडच्या कोपऱ्यावर वडापाव खाता का?"

मी गप्प. मला मधुमेह होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. घरात माझ्यासाठी वेगळी भाकरी, बिनसाखरेचा चहा. आणि मी आठवड्यातून तीनदा, तळलेली मिरची घेऊन, उभ्याउभ्या वडापाव खात होतो. घरी येऊन पुन्हा नाश्ताही करत होतो, कुणाला संशय येऊ नये म्हणून.

ती म्हणाली, "त्याने शाळेच्या बसमधून तुम्हाला बघितलंय. चार-पाच महिन्यांपूर्वी. आज मला म्हणाला, आजी, आजोबा पण खातात, पण मी कुणाला सांगितलं का?"

मंडळी, इतकी वर्षं मी लोकांच्या वह्या तपासल्या, पण त्या रात्री स्वतःची वही उघडली गेली. अकरा वर्षांच्या पोराने माझं गुपित पाच महिने पोटात ठेवलं होतं. आणि मी त्याच्या एका कागदाचा पाहुण्यांसमोर पंचनामा केला होता.

सौ. पुढे म्हणाली ते मी विसरलेलो नाही. "नाही म्हणायला काही लागत नाही हो. काय खायचं ते करून घाला, मग बोला."

बँकेत चुकीची नोंद झाली तर ती खोडून चालत नाही. उलट नोंद करावी लागते, आणि ती उघड करावी लागते, सगळ्यांना दिसेल अशी. दुसऱ्या दिवशी जेवताना सगळ्यांसमोर मी नातवाला म्हटलं, "मी तुला चोर म्हणालो ते चुकलं. मीही लपवून खात होतो." चिरंजीव माझ्याकडे बघत राहिले. नातवाने थोडा वेळ भाताशी चाळा केला आणि विचारलं, "मग शनिवारी बर्गर आणायचा?" मी म्हटलं, "आणायचा नाही, करायचा." तो म्हणाला, "तुम्हाला येतो?" मी म्हटलं, "नाही." आठ दिवसांनी तो पहिल्यांदा हसला.

आता मूळ विषयाकडे येतो.

बर्गर हा शब्द जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून आला. हॅम्बर्गर म्हणजे हॅम्बुर्गचा. तो पदार्थ मूळ खिम्याचा. आपल्याकडे 1996 साली मॅकडोनाल्ड्स आलं आणि मग बटाट्याच्या टिक्कीचाही बर्गर घरोघर माहीत झाला. माझ्यासारख्यांनी नाकं मुरडली. पण विचार करा, पाव हा शब्द पोर्तुगीज, बटाटा हा शब्दही पोर्तुगीज, आणि बटाटा हे पीक मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. दोन्ही परके, आणि त्यांचा वडापाव करून आपण तो मराठी बाणा म्हणून मिरवतो! तेव्हा परक्या पदार्थाला नावं ठेवण्याचा हक्क वडापाव खाणाऱ्याला नाही, हे मी पहिल्यांदा मान्य केलं.

चिप्सचंही तसंच. आपण चिप्स म्हणतो ते कुरकुरीत काप, म्हणजे वेफर्स. इंग्लंडमध्ये चिप्स म्हणजे बोटाएवढे जाड बटाट्याचे तुकडे, ज्याला आपल्या हॉटेलात फ्रेंच फ्राइज म्हणतात. मी सांगतोय ते हे बोटाएवढे.

पदार्थ वाईट नसतो. त्यात मीठ किती, तेल किती, ते तेल कितव्यांदा तापवलेलं, आणि आपण खाल्लं किती, हे प्रश्न असतात. घरी केलं की या चारही प्रश्नांची उत्तरं आपल्याला माहीत असतात, एवढाच घरच्या बर्गरचा फायदा. पण तो मोठा आहे.

आधी पाव. सुरुवातीला आम्ही बाजारातूनच बन आणले. "गव्हाचे" म्हणून तपकिरी रंगाचे. कर्जाची कागदपत्रं वाचायची सवय असल्याने मी पाकिटामागचा बारीक मजकूर वाचला. एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवा, घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. जे पहिलं लिहिलंय ते सर्वांत जास्त. माझ्या पाकिटावर पहिला मैदा होता, गव्हाचं पीठ त्याच्या बरंच खाली, आणि तपकिरी रंग कॅरमलचा. तेव्हापासून नातवाला हा खेळच लागला. दुकानात तो प्रत्येक पाकीट उलटं करून वाचतो. दुकानदार आम्हाला कंटाळलाय.

म्हणून बन घरी करायचे ठरलं. आठ बनांसाठी 300 ग्रॅम कणीक आणि 150 ग्रॅम मैदा. पूर्ण कणकेचे बन जड होतात, मुलं खात नाहीत. थोडा मैदा घेऊन मुलांनी खाल्लेलं बरं. दीड छोटा चमचा कोरडं यीस्ट, दोन छोटे चमचे साखर, एक सपाट छोटा चमचा मीठ, दोन मोठे चमचे तेल, आणि दूध व पाणी निम्मं-निम्मं मिळून साधारण 300 मिली. दूध-पाणी कोमट हवं, बोट घातलं तर सुखाचं वाटेल इतकंच. पहिल्या वेळी मी घाईत कढत पाणी घातलं, यीस्ट मेलं, आणि बनांऐवजी आठ दगड तयार झाले. यीस्ट हा जिवंत जीव आहे, हे नातवाला पुस्तकात वाचून कळलं नसतं इतकं त्या दिवशी कळलं.

पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल भिजवायचं आणि दहा मिनिटं चांगलं मळायचं. झाकून तास-सव्वा तास ठेवायचं, दुप्पट फुगतं. मग आठ गोळे करून ताटलीत अंतर ठेवून पुन्हा अर्धा तास. वरून दुधाचा हात, तीळ, आणि 190 अंशांवर अठरा ते वीस मिनिटं. खालून ठोकल्यावर पोकळ आवाज आला की झाले. यातलं मळण्याचं काम पूर्णपणे नातवाकडे. त्या वयाच्या मुलाच्या अंगात जी रग असते ती पिठावर निघाली तर चांगलंच.

आता टिक्की. त्यात आम्ही सर्वांत जास्त मार खाल्ला. पहिल्या वेळी राजमा, बीट, मटार, गाजर, जे जे पौष्टिक ते ते सगळं घातलं. तव्यावर टाकलं आणि उलटायला गेलो तर चुरा. तो चुरा आम्ही पोळीशी भाजी म्हणून खाल्ला. दुसऱ्या वेळी चुरा होऊ नये म्हणून भरपूर बेसन घातलं, तर टिक्की अशी घट्ट झाली की चिरंजीव म्हणाले, "बाबा, हिचं फाउंडेशन आपल्या बिल्डिंगपेक्षा मजबूत आहे." तिसऱ्या वेळी सौ. हॉलमधून म्हणाली, "थालीपिठाची भाजणी घाला की." तेव्हापासून टिक्की मोडलेली नाही.

आठ टिक्क्यांसाठी एक वाटी कोरडा राजमा रात्री भिजत घालायचा. सकाळी ते पाणी टाकून द्यायचं आणि नव्या पाण्यात कुकरला चांगला मऊ शिजवायचा. राजमा अर्धाकच्चा कधीही ठेवू नका. कच्च्या राजम्याने उलट्या-जुलाब होतात आणि त्यातला तो अपायकारक घटक चांगलं उकळल्यावरच जातो. दाणा दोन बोटांत सहज चिरडला पाहिजे. मग पूर्ण निथळायचा. एक मध्यम उकडलेला बटाटा, एक गाजर आणि एक लहान बीट किसून, पण हाताने घट्ट पिळून. ते पाणीच टिक्कीचा शत्रू. पिळलेला रस आम्ही ताकात घालतो, गुलाबी ताक धाकट्या नातीला आवडतं. एक कांदा बारीक चिरून थोड्या तेलावर परतलेला, आलं-लसूण-मिरचीचं वाटण, जिरेपूड, मूठभर कोथिंबीर, एक सपाट छोटा चमचा मीठ, आणि चार मोठे चमचे भाजणी. भाजणीत डाळी आणि धान्य दोन्ही असतात, शिवाय धण्या-जिऱ्याचा वास. बाहेरच्या बर्गरला हा वास कुठून येणार?

मिश्रण हाताने कुस्करायचं, मिक्सरला लावायचं नाही. मिक्सरमध्ये त्याची चिकट पेस्ट होते. चपट्या टिक्क्या थापून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायच्या, मग त्या घट्ट होतात. लोखंडी तव्यावर एका टिक्कीला अर्धा छोटा चमचा तेल, मध्यम आच, एका बाजूने चार-पाच मिनिटं. आणि एकदाच उलटायची. सारखं उलटून बघणं म्हणजे ठेव मुदतीआधी मोडण्यासारखं आहे, नुकसान आपलंच.

मांसाहार करणारी कुटुंबं कोंबडीचा खिमा वापरू शकतील. शेजारच्या विंगमधल्या वहिनींनी मला सांगितलं ते पुढे देतो. खिमा आतपर्यंत पूर्ण शिजला पाहिजे, मध्ये गुलाबी राहता कामा नये, आणि टिक्की बनापेक्षा थोडी मोठी थापावी, कारण शिजताना ती आकसते. कच्च्या खिम्याचा हात आणि सुरी धुतल्याशिवाय काकडी-टोमॅटोला लावू नये.

मेयोनीजच्या जागी आम्ही चक्का वापरतो. अर्धा लिटर दही पंचात बांधून तीन-चार तास टांगायचं. त्यात एक लसूण पाकळी ठेचून, पुदिना, मिरपूड, चिमूटभर मीठ आणि थोडी मोहरी फेसून. श्रीखंडासाठी बांधलेलं दही बर्गरला लागतं, हे कळल्यावर नातू म्हणाला, "म्हणजे आपल्याकडे सगळं आधीच होतं, फक्त एकावर एक ठेवायचं राहिलं होतं."

आता चिप्स. एक किलो जुने बटाटे. नवे बटाटे पाणचट असतात, ते खुसखुशीत होत नाहीत. हिरवट पडलेला भाग काढून टाकायचा. बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि मग ते तळताना किंवा भाजताना लवकर काळपट पडतात. बटाट्यासारखा पिष्टमय पदार्थ जास्त तापमानाला करपेपर्यंत तपकिरी केला की त्यात अॅक्रिलामाइड नावाचं अपायकारक द्रव्य वाढतं. म्हणून रंग सोनेरी हवा, तपकिरी नको. आमच्याकडे रंग ठरवायचं काम धाकट्या नातीचं. ती सौ.ची बांगडी शेजारी धरून बघते.

साल चांगली असेल तर ठेवा, नीट घासून धुवा. बोटाएवढे लांब तुकडे करून अर्धा तास गार पाण्यात ठेवा. पाणी पांढरं होतं, तो वरचा स्टार्च. तो गेला की तुकडे एकमेकांना चिकटत नाहीत. मग उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, निथळून स्वच्छ फडक्यावर पूर्ण कोरडे करा. दोन मोठे चमचे तेल आणि मिरपूड हाताने सगळीकडे लावा. ओव्हनच्या ताटलीत एकच थर पसरा, 200 अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं, मध्ये एकदा उलटा. गर्दी केली तर बटाटे भाजत नाहीत, वाफवले जातात. लोकलच्या डब्यात आपलं होतं तसं. आमचा ओव्हन लहान, म्हणून आम्ही दोन घाणे करतो. मीठ सगळ्यात शेवटी, बाहेर काढल्यावर. वर टाकलेलं मीठ जिभेला लगेच कळतं, त्यामुळे कमी पुरतं.

ओव्हन नसेल त्यांनी मन खट्टू करू नये. पाव बाजारचा घ्या, पण पाकीट उलटं करून वाचून घ्या. आणि उकडलेल्या बटाट्याचे तुकडे जाड बुडाच्या तव्यावर थोड्या तेलात मंद आचेवर परता. थोडे वेगळे होतात, पण छान होतात.

आता माझ्या आवडीचा भाग, हिशेब. हा मी आणि नातवाने वहीत मांडलेला आहे. आम्ही घरात सहा माणसं. बन आणि टिक्क्या आठ.

मीठ बघू. सपाट छोटा चमचा साधारण 5 ग्रॅमचा. आठ बनांत 5 ग्रॅम, म्हणजे एका बनात 0.6. आठ टिक्क्यांत 5, म्हणजे एकीत 0.6. चिप्सवर एकूण 4 ग्रॅम, सहा माणसांत भागिले की माणशी सुमारे 0.7. चक्क्यातलं चिमूटभर धरून माणशी एकूण दोन ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, मुलांना त्याहून कमी. म्हणजे एवढ्या चैनीच्या जेवणातही दिवसाचं मीठ संपलं नाही. मात्र त्या दिवशी सकाळी लोणचं आणि पापड खाल्ला असेल तर हा हिशेब कोलमडतो, हे नातवानेच मला वही दाखवून सांगितलं. त्या शनिवारी दुपारी पानात लोणचं नसतं.

तेल बघू. बनांत 30 मिली, टिक्क्यांना 20, चिप्सना 30, कांदा परतायला 5. एकूण 85 मिली. सहा माणसांत माणशी 14 मिली, म्हणजे जवळजवळ एक मोठा चमचा. आणि कढईत उरलेल्या, काळ्या पडलेल्या तेलाचं काय करायचं हा प्रश्नच नाही, कारण कढईच नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो, कारण आपल्यात माझे मधुमेही मित्र बरेच आहेत. घरचं म्हणजे कितीही खा, असं नाही. पावही पिष्टमय आणि बटाटाही पिष्टमय. राजम्याने थोडा तोल सावरतो, पण साखर वाढायची ती वाढते. म्हणून मी वरचा पाव काढून ठेवतो, खालच्या अर्ध्यावर टिक्की घेतो, चिप्सचे आठ तुकडे मोजून घेतो आणि ताट काकडी-कोबीच्या कोशिंबिरीने भरतो. चिप्स आम्ही मध्ये मोठ्या भांड्यात ठेवत नाही, प्रत्येकाच्या ताटात वाढतो. मध्ये ठेवलं की हात थांबत नाही. सोबत ताक, कोल्ड्रिंक नाही. आपली औषधं कोणती आणि आपल्याला किती चालेल ते मात्र आपापल्या डॉक्टरांनाच विचारा. मी बँकेचा माणूस.

सहा माणसं आणि आठ बर्गर म्हणजे दोन उरतात, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पहिल्या वेळी ते चुकून जास्त झाले होते. नातवाने विचारलं, "समोरच्या आजींना देऊ?" समोरच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या असतात, मुलगा परदेशी. आमची दारं समोरासमोर आहेत आणि पंचवीस वर्षांत आम्ही सणासुदीचा फराळ सोडून त्यांना काही दिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मी जन्मात बर्गर खाल्ला नाही रे." दाताला लागेल म्हणून त्यांनी सुरीने तुकडे करून खाल्ला. आता आम्ही मुद्दाम आठ करतो. दुसरा बर्गर वॉचमनकाकांचा. आणि समोरच्या आजी आता ताटली परत पाठवताना त्यात लसणाची चटणी घालून पाठवतात. ती बर्गरमध्ये फार छान लागते.

वॉचमनकाकांवरून आठवलं. मी खजिनदार होतो तेव्हा गेटवरचं रजिस्टर बघत असे. पहिल्या काही वर्षांत शनिवारी रात्री नोंदी असायच्या पाहुण्यांच्या. मामा आले, आत्या आल्या, जेवायला थांबले. आता शनिवारी रात्रीचं पान भरतं ते डिलिव्हरीवाल्या मुलांनी. मी तक्रार म्हणून सांगत नाही. दोघं नोकरी करतात, दमून येतात, रोज कोण करणार? आमच्याकडेही मागवतात. पण पाकीट आलं की ज्याचं तो ज्याच्या खोलीत घेऊन जातो. टिक्की तव्यावर असली की तसं होत नाही. ती गरम खायची असते, म्हणून सगळे स्वयंपाकघरातच घुटमळतात. चिरंजीव काकडी चिरतात, सूनबाई स्टुलावर बसून ऑफिसच्या गोष्टी सांगते, आणि फोन कुठेतरी बाहेर राहिलेले असतात. राहू द्यावेत.

शेवटी, तुम्ही विचाराल की मुलाने बाहेरचं खाणं सोडलं का? नाही. महिन्यातून एकदा तो मित्रांबरोबर खातो आणि घरी येऊन सांगतो. मीही वडापाव सोडलेला नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही दोघं स्टेशनरोडच्या त्याच गाडीवर जातो, एक वडापाव घेतो आणि अर्धा-अर्धा खातो. सौ.ला सांगून जातो. लपवून खाण्यात जी चव होती ती यात नाही, हे मात्र खरं आहे. ती गेली ते बरं झालं.

आणि त्याचं वजन किती उतरलं, हे मी सांगणार नाही. ते त्याचं खातं आहे, आणि खातेदाराची माहिती बाहेर द्यायची नाही हे मी तेहेतीस वर्षांच्या नोकरीत शिकलो. माझ्या साखरेचा आकडा मात्र माझा आहे, तो सांगतो. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी तेव्हा 8.4 होती, गेल्या महिन्यात 7.1 आली. डॉक्टर म्हणाले, "काय केलंत?" मी म्हटलं, "लपवणं बंद केलं."

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. आपण आलो तेव्हा आपली मुलं जिन्यात खेळत होती, आता नातवंडं खेळतात. त्यांना आपण 'हे खाऊ नको, ते खाऊ नको' फार सांगतो. माझी एकच विनंती आहे. पुढच्या वेळी 'नको' म्हणालात तर त्याच वाक्यात 'ये, आपण करू' एवढं जोडा. येत नसेल तरी जोडा. मलाही येत नव्हतं. पहिली टिक्की मोडेल, मोडू द्या, पोळीबरोबर खा.

आणि ज्यांना शिकायचं असेल त्यांनी कुठल्याही दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्याकडे यावं. मळायला हात लागतातच. फक्त येताना आदल्या दिवशी सांगा, म्हणजे राजमा जास्त भिजत घालता येईल.